साहेब डावीकडे पीत नाहीत

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझा नातू आठ दिवसांचा आहे आणि त्याने आजवर दोन गोष्टी नापास केल्या आहेत. एक, हॉस्पिटलचं दुपटं. दोन, आईची डावी बाजू. दुपटं बदलता आलं.

नीरजाने डावीकडे पाजायला घेतलं की तो अंग ताठ करतो, मागे वाकतो आणि अख्ख्या कर्वेनगरला ऐकू जाईल असा रडतो. उजवीकडे थोडंफार पितो, तेही उपकार केल्यासारखं. बारसं महिन्याने करायचं आहे, म्हणून नाव नाही. मी त्याला साहेब म्हणतो. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून हयात घालवली, त्यामुळे असे साहेब ओळखीचे आहेत.

बाळंतपण माहेरी, हा माझा हट्ट. नीरजाची आई, म्हणजे ही, जाऊन तीन वर्षं झाली. विहीणबाई म्हणाल्या होत्या, "नीरजाला नाशिकला आणतो, तुम्ही एकटे कुठे धावपळ करणार?" मी म्हटलं, लेकीला माहेर असतं आणि ते जागेवर आहे. डिंकाचे लाडू स्वतः वळले. पहिल्या खेपेचे दातांना दाद देईनात, दुसऱ्या खेपेला जमले.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की जन्माच्या वेळी बाळाला ओढून काढावं लागलं, त्यात मान आखडली असेल. नीरजाने अंगावर पाजत राहायचं, कमी पडेल ते दूध काढून बोंडल्याने द्यायचं, वजनावर लक्ष ठेवायचं. म्हणजे साहेब उपाशी नाहीत. पण नीरजाला त्याला अंगावरच पाजायचं आहे. हे ती एकदाच बोलली, तेही भिंतीकडे बघून. मी ठरवलं आहे, हे काम मार्गी लावायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कोणत्याही कामाला वेळापत्रक लागतं. फोनवर दर दोन तासांनी गजर लावला. गजराला कारखान्याच्या भोंग्याचा आवाज ठेवला, कारण बाकीचे आवाज नुसते किणकिणतात. भोंगा झाला की मी नीरजाच्या खोलीबाहेर उभा राहतो. आत जात नाही, पडदा असतो, तेवढी समज आहे. बाहेरूनच विचारतो, "झालं का?" थोड्या वेळाने पुन्हा. तिला एकटं वाटू नये हा हेतू.

कोपऱ्यावरच्या वाण्याकडून काटाही मागून आणला होता. प्रत्येक वेळी पाजण्याआधी वजन, नंतर वजन, की हिशेब स्वच्छ. नीरजा म्हणाली, "बाबा, तो साबुदाणा नाही." काटा परत केला.

दुपारी ती म्हणाली, "आई मला कशी पाजायची हो? मीही असाच त्रास दिला होता का?" आठवून सांगणार होतो, पण कपाटाच्या दारावर धूळ फार दिसली. आधी ते पुसून घेतलं. मग भोंगा झाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अवधूत आला. जावई चांगला आहे, फक्त शनिवार-रविवार असतो. हडपसरला त्याच्या ऑफिसात कोणाच्या तरी बायकोला असाच त्रास होता, तर नम्रता म्हणून एक फिजिओथेरपिस्ट घरी यायची. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, जरूर बोलवा.

"करते काय ती?" मी विचारलं.

"हलक्या हाताने आईचे खांदे, मान, बरगड्या मोकळ्या करते. बाळाचीही मान. आणि बोलते."

"बोलायला काय, आपल्याकडे सरुबाई आहे की."

सरुबाई रोज बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येते आणि साहेबांना कणकेसारखं तिंबते. ती मोरीतून म्हणाली, "येऊ द्या की. चार हात लागले तर बिगडत न्हाय." मला वाटलं होतं ती भांडेल. बायकांचं काही सांगता येत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नम्रता आली. यवतमाळकडची, पोरगेलीच आहे, स्कूटरवरून येते, हेल्मेट घेऊनच घरात शिरते. मी तिला आजवरची प्रगती समजावून सांगितली, गजराचं वेळापत्रक दाखवलं. ती म्हणाली, "बापरे." तिला आवडलेलं दिसलं.

दार उघडंच होतं, तोपर्यंत मी पाहिलं. तिने नीरजाला मागे रेलून बसवलं, तिच्या मानेखाली एक हात, गळ्याखालच्या हाडावर एक हात, आणि नुसती बसून राहिली. दाबणं नाही, चोळणं नाही, तेल नाही. मी विचारलं, "सुरू कधी करणार?"

"सुरू आहे, काका."

मग तिने माझ्याकडे पाहिलं, नीरजाच्या खांद्यांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "काका, एक महत्त्वाचं काम आहे, तुमच्याशिवाय नाही होणार. सावरीच्या कापसाची उशी लागते. तयार नको. समोर बसून भरून घ्यायची. आजकाल कोणी भेसळ करून देते."

भेसळ म्हटल्यावर मी चप्पल घातली. "फोन सोबत राहू द्या," ती म्हणाली, "काही लागलं तर." विचारी मुलगी आहे.

रविवार पेठेत पिंजाऱ्याच्या दुकानात बसून उशी भरून घेतली. दोनदा उसवायला लावली. त्याने विचारलं, "आजोबा, बाळ झोपणार आहे की राजा?" मी म्हटलं, साहेब. परत आलो तर नम्रता गेली होती आणि नीरजा झोपली होती. दुपारची झोपलेली तिला आल्यापासून पाहिली नव्हती. भोंगा झाला तशी दचकून उठली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उशी उत्तम आहे. डावीकडे साहेबांनी तोंड लावलं, क्षणभर. मी बाहेरून विचारलं, "झालं का?" तर सोडलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नम्रता आली. आज साहेबांची पाळी. तळहातावर त्याचं डोकं घेऊन ती इतकी हळू त्याच्यासोबत वळत होती की वळते आहे हे कळेना. त्याला वळवत नाही, म्हणे, तो वळेल तिकडे आपण जायचं. आमच्या कारखान्यात हे चाललं नसतं.

मध्येच तिने साहेबांना माझ्या छातीवर पालथं ठेवलं. "धरू नका, काका. नुसतं राहू द्या." माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध तिने हात ठेवला. मी म्हटलं, मला काही दुखत नाही. ती म्हणाली, "हो ना." त्यानंतरचं नीट आठवत नाही. जागा झालो तेव्हा शर्टाची कॉलर ओली होती. लहान मुलं लाळ फार गाळतात. साहेब मात्र तेव्हा पाळण्यात होते.

आज कामं दोन. पहिलं, खडकी बाजारातून जवस. खडकी मला पाठ आहे, हे तिला नीरजाने सांगितलं असावं. दुसरं, नेसून नेसून मऊ झालेली एक सुती साडी. बाळाला गुंडाळून आईच्या अंगाशी धरायला.

"घरात असेलच की जुनी," नम्रता म्हणाली.

घरात आहेत, पण त्या हिच्या कपाटात आहेत आणि त्या कपाटाचं दार फुगलंय. उघडत नाही.

खडकीला ज्ञानदेव भेटला. लेथवर होता, माझ्याच सेक्शनला. चहा झाला. नातवाचं सांगितलं, मी कसा जातीने उभा राहतो तेही सांगितलं. तो हसायला लागला. म्हणाला, "शामराव, तुम्ही पाठीमागं येऊन उभे राहिलात की माझे आटे चुकायचे. तुम्ही गेलात की बरोबर पडायचे." जुन्या माणसांना अजून आपल्या कामाचा धाक आठवतो. बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मी रोडवरून नवी सुती साडी आणली. मऊ व्हावी म्हणून सकाळपासून तीनदा धुतली. खळ जाता जात नाही. सरुबाई म्हणाली, "ताईंच्या असत्याल ना कपाटात?" मी म्हटलं, दार फुगलंय. ती कपाटाकडे बघत राहिली आणि काही बोलली नाही. सरुबाईने न बोलणं हे आठवडाभरातलं दुसरं आश्चर्य.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. वजन वाढलं आहे, त्यांची काही तक्रार नाही. मी पेढे आणले. नीरजाने खाल्ला नाही.

"वजन बोंडल्याने वाढलं, बाबा," ती म्हणाली. "मी नुसती दूध काढते आणि वाट्या धुते. तो माझ्याकडे आला की रडतो. माझ्याकडेच." मग म्हणाली, "या आठवड्यात बघते. नाही तर सोडून देते. सासूबाई म्हणाल्या तशी नाशिकला जाते. तुमचीही दगदग वाचेल."

मला दगदग नाही असं सांगायचं होतं. घर इतकं भरलेलं तीन वर्षांत नव्हतं हेही सांगायचं होतं. प्रत्यक्षात मी म्हणालो, "उशी उन्हात टाकतो, कापूस फुलेल."

नम्रता दुपारी येऊन गेली. मला मंडईत पाठवलं होतं, बाळंतशोपांसाठी, त्या लांबट हव्यात, बुटक्या नकोत. तीन गाळे धुंडाळले. ही मुलगी मालाच्या बाबतीत अगदी माझ्यासारखी आहे. जाताना जिन्यात भेटली. मी विचारलं, नीरजाचं काय म्हणणं? म्हणाली, "बोलली आज थोडी. रडायला आलं होतं, पण थांबवलं."

"छान," मी म्हणालो. "हिंमतीची आहे पहिल्यापासून."

नम्रताने हेल्मेट घातलं, पुन्हा काढलं. "काका, रडू थांबवायला खांदे लागतात," ती म्हणाली. "आणि दूध पाजायलाही तेच लागतात." मग गेली. तिकडची माणसं जरा कोड्यात बोलतात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हे लिहू की नको, असं दुपारपासून चाललं आहे.

नम्रताने आज मला दगडी खलबत्ता आणायला पाठवलं. तांबट आळीच्या पलीकडे एक दुकान आहे, तिथलाच हवा. तिथवर गेलो तर दुकान बंद. पाटीवर लिहिलेलं, ‘बुधवारी बंद. का, ते विचारू नये.’ उलट पावली रिक्षा केली, त्यामुळे घरी भलताच लवकर पोचलो. किल्लीने दार उघडलं. आत नीरजा रडत होती.

लहानपणी पडल्यावर रडायची तशी, मोकळ्या गळ्याने. ही गेली तेव्हाही अशी रडली नव्हती. मी धावणार होतो. पण नम्रता तिला गप्प करत नव्हती. ‘नको रडू’ म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती. म्हणून मीही चप्पल हातात घेऊन हॉलमध्ये उभा राहिलो.

"आई असती तर तिने त्याला नुसतं उचललं असतं गं," नीरजा म्हणाली. "मला कळलं असतं कसं घ्यायचं. आणि बाबांपुढे तिचं नावही काढता येत नाही. काढलं की ते उठतात, फडकं घेतात आणि कपाट पुसतात. मग मीच घाबरते, त्यांना काही होईल म्हणून. बाहेर ते उभे असतात, पावलं वाजतात, झालं का विचारतात, आणि माझं सगळं आत ओढलं जातं. ते इतकं करतात माझ्यासाठी. त्यांना कसं सांगू?"

"नको सांगू," नम्रता म्हणाली. "आज त्यांना कोणी सांभाळायचं नाही. ते खलबत्त्यासोबत आहेत. तू मागं रेल. श्वास सोड. हां. त्याला घाई नाही करायची, तो शोधून राहिला."

साहेब कुरकुरले. मग गप्प. मग एक आवाज आला. घुटुक. थोडं थांबून, घुटुक, घुटुक. तहानलेलं माणूस माठातलं पाणी पितं तसा, इवलासा.

"डावीकडे?" नीरजा कुजबुजली.

"डावीकडंच."

माझ्या ओठावर ‘झालं का?’ आलं होतं. गिळलं.

नंतर दोघी हसल्या. नम्रता म्हणाली, "पण काकांना पुढच्या वेळी कुठं पाठवायचं? मले आता सुचून नाही राहिलं."

"हिंग सांग," नीरजा नाक ओढत म्हणाली. "हिंगाच्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नाहीत. अर्धा दिवस जाईल."

मी दार ओढून घेतलं. कडी वाजू नये म्हणून मध्ये रुमाल धरला. खाली पार्किंगमध्ये बाकावर जाऊन बसलो.

आधी राग आला. उशी, जवस, बाळंतशोपा, सगळं आठवलं. म्हणजे मला लहान पोरासारखं दुकानात पिटाळत होत्या. मग ज्ञानदेव आठवला, लेथवर वाकलेला, आणि मागे मी. तो काही मला शाबासकी देत नव्हता. मग ही आठवली. नीरजा अंगावर पीत होती तेव्हा ही मला म्हणायची, जा हो, जरा फिरून या. आणि मी रोज खडकी स्टेशनापर्यंत जायचो, आरोग्यासाठी. तेव्हा वाटायचं, हिला माझ्या तब्येतीची किती काळजी.

मला खूप रडू आलं. वॉचमन रतनने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "काका, लाइट गेली का लिफ्टची?" मी हो म्हटलं.

फोनवरचा भोंगा तिथेच काढून टाकला. नेहमीच्या वेळेला वर गेलो, बेल वाजवून. खलबत्ता मिळाला नाही म्हणून सांगितलं. नम्रता म्हणाली, "अरे, वाईट झालं." चेहरा अगदी सरळ. चांगली नटी झाली असती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दार फुगलेलं नव्हतं.

किल्ली फिरवली, उघडलं. डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याखाली हिचा. थोडा वेळ तिथेच बसलो. मग वीटकरी रंगाची साडी काढली, रविवारी माळे काढताना नेसायची ती. इतकी मऊ की हातातून घरंगळली.

पडद्याबाहेरून हाक मारली, "नीरजा, येऊ का?" ‘झालं का’ नाही विचारलं. ती हो म्हणाली. साडी तिच्या मांडीवर ठेवली.

"ही हिची," मी म्हणालो. "ही नेसली की समजायचं, आज माझं काही खरं नाही. सगळे माळे निघायचे."

नीरजा साडीत तोंड खुपसून आधी हसली आणि मग रडली. फडकं स्वयंपाकघरात ओट्यावर होतं, मला दारातून दिसत होतं. मी गेलो नाही. पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. तिने विचारलं, "आई मला कशी पाजायची?"

मी सांगितलं. खडकीच्या क्वार्टरमध्ये मागच्या पायरीवर बसायची, पदर घेऊन, रेडिओ लावून. तूही मान फिरवायचीस. आठ-दहा दिवस नुसता गोंधळ. ही रडायची. शेजारच्या बाई येऊन हिच्या पाठीवर हात ठेवून बसायच्या.

"आणि तुम्ही?"

"मला फिरायला पाठवायची."

नीरजाने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. साहेब वीटकरी साडीत गुंडाळले गेले, वास घेतला, आणि कोणतीही हरकत नोंदवली नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काल दिवसभरात साहेब डावीकडे तीनदा प्यायले, एकदा रडले. बोंडलं अजून आहे, नम्रता म्हणते, हळूहळू कमी होईल, कधी मागेही जाईल, घाबरायचं नाही. नाशिकचा विषय निघालेला नाही. सरुबाई आता तिंबत नाही, नम्रताने तिला काहीतरी दाखवलं आहे, आणि दोघी माझ्या कपातला चहा पितात.

आज नम्रता आली. हेल्मेट ठेवलं, हात धुतले, आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "काका, एक काम होतं. खडा हिंग लागेल थोडा. पण चांगला पाहिजे, बरं. घाई नका करू."

नीरजा साहेबांचं टोपडं नीट करत होती. मान वर केली नाही.

घरात हिंगाच्या दोन डब्या आहेत. त्यातली एक मीच गेल्या महिन्यात, चार दुकानं पालथी घालून आणलेली.

"हिंगाचं काम सोपं नसतं," मी म्हणालो. "दोन-अडीच तास सहज जातील."

पिशवी घेतली. कानटोपी घेतली. बाहेर पडताना दार जरा जोरातच ओढलं, आत नीट ऐकू जावं म्हणून.